वाळू छापणारे रेझिन

त्रिमितीय छपाई म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर टेबलावर मावणारे एक छोटे यंत्र येते. रिळावरची प्लॅस्टिकची तार तापवून ते थरावर थर घालत जाते आणि काही तासांनी मोबाइलचा स्टँड, खेळणे किंवा एखादे दातेरी चाक तयार होते. मी ज्या छपाईविषयी लिहीत आहे ती याहून फार वेगळी आहे. ओतकामाच्या धंद्यात वाळूचे साचे आणि कोअर (आतली पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवायचे वाळूचे ठोकळे) आता लाकडी पॅटर्नशिवाय, म्हणजे साच्याला आकार देणाऱ्या नमुन्याशिवाय, संगणकावरच्या आराखड्यावरून थेट छापता येतात. कोल्हापुरात फाउंड्रीच्या (ओतकामाच्या कारखान्याच्या) मेथडिंग विभागात, म्हणजे ओतण्याची पद्धत ठरवणाऱ्या विभागात, काम करताना असे छापील कोअर हाताळण्याचा, ते ओतण्याचा आणि त्यातले काही फसलेले पाहण्याचा योग मला वारंवार येतो. यंत्र बघायला आलेली माणसे त्याचा आकार आणि वेग विचारतात, किंमत ऐकून गप्प होतात. वाळूचे कण एकमेकांना धरून ठेवणाऱ्या रेझिनविषयी मात्र क्वचितच कोणी विचारते. कास्टिंग, म्हणजे ओतून झालेला भाग, चांगला निघेल की भंगारात जाईल हे बऱ्याच अंशी त्या रेझिनवर अवलंबून असते, म्हणून हा लेख मुख्यतः त्याच्याविषयी आहे.

हे रेझिन थर्मोसेट वर्गातले असते. रिळावरच्या तारेचे प्लॅस्टिक थर्मोप्लास्टिक असते. त्याचे लांबलचक रेणू एकमेकांत गुंतलेले असले तरी रासायनिक बंधांनी बांधलेले नसतात, त्यामुळे ते तापवले की सरकतात, थंड झाले की थांबतात, आणि हा खेळ पुन्हा पुन्हा करता येतो. थर्मोसेटमध्ये रेणूंमध्ये आडवेतिडवे बंध तयार होऊन सगळ्या वस्तूभर एकच जाळे विणले जाते, आणि एकदा ते विणले गेले की कितीही तापवले तरी पदार्थ पातळ होत नाही, शेवटी तो करपतो. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांपासून बनवलेले बेकेलाइट हे या वर्गातले पहिले पूर्णपणे कृत्रिम आणि व्यापारी यश मिळालेले उदाहरण. कुकरची काळी मूठ अजूनही त्याच कुळातली असते. फाउंड्रीत शेल मोल्डिंगसाठी (वाळूचे पातळ कवच तापवून साचा करण्यासाठी) वापरली जाणारी रेझिन लावलेली वाळूसुद्धा फिनॉलिकच असते आणि ती योहानेस क्रोनिंग यांनी जर्मनीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विकसित केलेल्या पद्धतीवर चालते. म्हणजे वाळू आणि थर्मोसेट यांची ओळख छपाईच्या कितीतरी आधीची आहे.

जो पदार्थ घट्ट झाल्यावर पुन्हा वितळत नाही, तो तापवून नळीतून सोडण्याचा प्रश्नच येत नाही. तो छापायचा असेल तर पातळ असतानाच जागेवर पोहोचवावा लागतो आणि त्याचे जाळे तिथेच विणले जाईल अशी व्यवस्था करावी लागते. यासाठी निरनिराळे मार्ग आहेत. चक हल यांना १९८६ मध्ये ज्या पद्धतीचे पेटंट मिळाले तिच्यात द्रव रेझिनवर अतिनील प्रकाश टाकून ते थराथराने घट्ट केले जाते. दंतवैद्यकात आणि दागिन्यांच्या नमुन्यांसाठी आज तीच सर्वत्र दिसते. हार्वर्डमध्ये ब्रेट कॉम्प्टन आणि जेनिफर लुईस यांनी २०१४ मध्ये इपॉक्सीत चिकणमातीचे अतिसूक्ष्म पापुद्रे, सिलिकॉन कार्बाइडचे तंतू आणि कार्बनचे धागे मिसळून अशी शाई बनवली, की ती दाबाखाली वाहते, नळीबाहेर पडताच आकार धरून उभी राहते आणि नंतर भट्टीत पक्की होते. दोन्ही पद्धती उत्तम आहेत, पण टनावारी वजनाचा साचा बनवण्यासाठी त्यांचा उपयोग नाही. त्यासाठी तिसरा मार्ग लागतो: भुकटीचा पातळ थर पसरायचा आणि जिथे हवे तिथेच चिकटवणाऱ्या द्रवाचे थेंब टाकायचे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एमॅन्युएल सॅक्स, मायकेल सिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ च्या अखेरीस यासाठी पेटंटचा अर्ज केला आणि १९९३ मध्ये ते मंजूर झाले. वाळूच्या साच्यांसाठी या पद्धतीची मोठी यंत्रे पुढे जर्मनीत ऑग्सबर्गच्या आसपास घडली; १९९९ मध्ये स्थापन झालेली व्हॉक्सेलजेट ही कंपनी त्याच परिसरातली.

यंत्रातली क्रिया वर्णनाला सोपी आहे. एका मोठ्या पेटीत वाळूचा साधारण ०.३ मिलिमीटर जाडीचा थर पसरला जातो, त्यावरून शेकडो सूक्ष्म छिद्रे असलेले छपाईचे डोके फिरते आणि त्या थरात साच्याचा जेवढा भाग येतो तेवढ्यावरच रेझिनचे थेंब सोडते, मग पेटीचा तळ एका थराइतका खाली जातो आणि पुढचा थर पसरला जातो. १८०० मिलिमीटर लांब, १००० रुंद आणि ७०० उंच पेटी ०.२८ मिलिमीटरच्या थरांनी भरायची तर २५०० थर लागतात. छापलेला भाग घट्ट होतो, बाकीची वाळू सुटी राहते, आणि शेवटी त्या सुट्या वाळूच्या ढिगातून साचे उकरून काढावे लागतात. चार मीटर लांब आणि दोन मीटर रुंद पेटीची यंत्रेही आहेत. एवढे सगळे ऐकून हे निव्वळ यंत्रशास्त्राचे काम वाटते; खरी कसरत मात्र रसायनशास्त्राची आहे.

रेझिनकडून इथे परस्परविरोधी अपेक्षा आहेत. टाकीत, नळ्यांमध्ये आणि छपाईच्या डोक्यात ते महिनोन्‌महिने पातळ राहिले पाहिजे. वाळूवर पडताच मिनिटांत धरू लागले पाहिजे. फार लवकर घट्ट झाले तर वरचा थर खालच्या थराला नीट धरत नाही आणि साच्याला थरांमधून तडा जातो. फार उशिरा झाले तर पुढचा थर पसरणारी पट्टी खालची ओली वाळू ओढत नेते आणि कडा बिघडतात. यावर सर्वाधिक रुळलेला उपाय म्हणजे रेझिनची प्रक्रिया दोन भागांत वाटून टाकणे. फ्युरान नावाच्या रेझिनच्या पद्धतीत छपाईच्या डोक्यातून फक्त रेझिन पडते, आणि त्याला घट्ट करणारे आम्ल वाळूत आधीच मिसळलेले असते. अरल्डाइटच्या दोन नळ्या जशा वापरेपर्यंत वेगळ्या ठेवतात, तशीच ही सोय आहे, फक्त इथे दुसरी नळी वाळूच्या प्रत्येक कणावर पसरलेली आहे. एक फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. अरल्डाइटमध्ये हार्डनर स्वतः जाळ्यात विणला जातो, म्हणून त्याचे प्रमाण मोजून घ्यावे लागते. फ्युरानमध्ये आम्ल केवळ प्रक्रियेला चालना देते आणि काम झाल्यावर साच्यात जसेच्या तसे उरते. या उरलेल्या आम्लाकडे पुढे परत यावे लागणार आहे.

फ्युरान रेझिनचा मुख्य घटक फर्फ्युरिल अल्कोहोल. छपाईसाठी त्याची निवड व्हायला एक साधे कारण आहे: तो फार पातळ आहे. २५ अंश सेल्सिअसला त्याची श्यानता (दाटपणा) सुमारे ५ मिलिपास्कल-सेकंद, म्हणजे पाण्याच्या पाचेक पट भरते, तर छपाईच्या डोक्याला साधारण दहाच्या आसपासचा द्रव मानवतो. कोअर शॉपमधली नेहमीची फिनॉलिक रेझिने याहून कितीतरी दाट असतात आणि ती इतक्या बारीक छिद्रांतून थेंब होऊन पडूच शकत नाहीत. त्यांना द्रावक घालून पातळ करावे लागते आणि मग तो द्रावक उडवून लावण्याचे काम वाढते. छपाईचे डोकेही पिझो प्रकारचे लागते, कारण त्यात विजेच्या दाबाने स्फटिक किंचित वाकतो आणि थेंब ढकलला जातो. घरगुती छपाईयंत्रांपैकी काहींमध्ये शाई क्षणभर उकळवून थेंब उडवतात. उष्णतेने घट्ट होणाऱ्या पदार्थाला असे उकळवणे म्हणजे छिद्रे स्वतःच्या हाताने बुजवणे. तरीही आम्ल लागलेल्या वाळूची धूळ उडून डोक्याच्या पृष्ठभागावर बसते आणि तिथेच रेझिन धरू लागते, म्हणून ठरावीक थरांनंतर डोके बाजूला जाऊन द्रावकाने स्वतःला पुसून घेते. एखादे छिद्र बुजले तर त्या रेषेत रेझिन पडत नाही आणि साच्याच्या पूर्ण उंचीभर एक कमकुवत पडदा तयार होतो, जो डोळ्यांना दिसत नाही, पण कोअर उचलताना बरोबर त्याच जागी मोडतो.

वाळूतल्या आम्लाला भेटल्यावर फर्फ्युरिल अल्कोहोलचे रेणू जोडले जाऊ लागतात. प्रक्रियेत उष्णता बाहेर पडते, रंग मधासारख्या पिवळ्यापासून गडद हिरव्याकडे आणि मग काळ्याकडे जातो, आणि प्रत्येक जोडणीगणिक पाण्याचा एक रेणू सुटतो. हे पाणी बाहेर निघून गेले नाही तर पुढची जोडणी मंदावते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात या एका वाक्याचा अर्थ नीट कळतो. जुलैमध्ये हवा इतकी दमट असते की पाणी उडून जायला वावच राहत नाही, त्यात वाळू थंड आणि ओलसर असेल तर उन्हाळ्यात झकास निघणारा कोअर तेवढ्याच वेळात हाताला मऊ लागतो, कोपरे चुरगळतात आणि कारण सापडेपर्यंत सगळे जण यंत्राच्या सेटिंगशी खेळत बसतात. रासायनिक प्रक्रियांचा वेग तापमान दहा अंशांनी वाढले की ढोबळमानाने दुप्पट होतो, हा शाळेत शिकलेला ठोकताळा इथे पैशांत मोजता येतो. म्हणून छपाईच्या खोलीतली हवा कोरडी आणि वाळूचे तापमान स्थिर ठेवण्यावर होणारा खर्च हा ऐषारामाचा खर्च नव्हे, तो रेझिनच्या किमतीतच धरला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रेझिन वाळूला चिकटते कसे, हाही प्रश्न दिसतो तितका साधा नाही. वाळूचा कण म्हणजे सिलिका, अकार्बनी, रेझिन कार्बनी. दोघांची आपसांत मैत्री बेताचीच असते. म्हणून रेझिनमध्ये अगदी अल्प प्रमाणात सिलेन घालतात, ज्याच्या रेणूचे एक टोक सिलिकाशी आणि दुसरे रेझिनशी बंध जोडते. सिलेन जुने झाले की त्याचा असर उतरतो आणि रेझिनची टाकी तीच, प्रमाण तेच असूनही कोअरची ताकद घसरते. कणांचा आकारही महत्त्वाचा आहे. रेझिन कणाच्या सगळ्या पृष्ठभागावर सारखे पसरून राहत नाही. जिथे दोन कण एकमेकांना टेकतात तिथे ते ओढले जाऊन छोटासा पूल बनवते आणि साच्याची सगळी ताकद या पुलांमध्ये असते. गोल कणांची वाळू असेल तर थोड्या रेझिनमध्ये चांगले पूल तयार होतात. टोकदार, धूळमिश्रित वाळूत बरेचसे रेझिन धुळीवरच वाया जाते. धूळ चाळायला कंटाळणाऱ्या माणसाला रेझिनचा खर्च कमी करता येत नाही.

छापलेल्या वाळूत एकूण रेझिन असते तरी किती? साधारणपणे वाळूच्या वजनाच्या एक ते दोन टक्के. हाताने किंवा मिक्सरने भरलेल्या फ्युरान नो-बेक (न भाजता घट्ट होणाऱ्या) साच्यात एक टक्क्याच्या आसपास भागते. फरकाचे कारण असे, की साचा भरताना वाळू ठोकून किंवा थरथरवून दाबता येते, छपाईत ती केवळ पसरली जाते. त्यामुळे छापील साचा तुलनेने सैल राहतो, कणांचे स्पर्शबिंदू कमी पडतात आणि तेवढीच ताकद मिळवायला रेझिन अधिक लागते. चांगल्या छापील कोअरची वाकताना मोडण्याची ताकद दर चौरस सेंटीमीटरला दोनशे ते तीनशे न्यूटनच्या घरात असते, आणि तीही सगळ्या दिशांना सारखी नसते. थर ज्या दिशेने चढले त्या दिशेने ओढ बसली तर कोअर लवकर मोडतो. म्हणूनच लांब, सडपातळ कोअर पेटीत आडवा ठेवायचा की उभा, हा निर्णय संगणकावर जागा कशी वाचते यावर सोडून चालत नाही.

ताकद कमी वाटली की रेझिन वाढवायचे, हा सोपा मोह असतो आणि इथेच माझा मुख्य मुद्दा येतो. फाउंड्रीतले रेझिन कायम टिकावे म्हणून घातलेलेच नसते. उकरून काढणे, साफ करणे, कोटिंग (उष्णता सोसणारा लेप) करणे, साच्यात बसवणे आणि रस (वितळलेला धातू) भरून वरचे कवच गोठेपर्यंत तग धरणे, एवढेच त्याचे आयुष्य. त्यानंतर ते जळून गेले पाहिजे, नाहीतर वाळू कास्टिंगच्या पोटातून बाहेर निघणार नाही. बिडाचा (ओतीव लोखंडाचा) रस सुमारे १४०० अंशांना साच्यात येतो. त्या तापमानाला कोणतेही कार्बनी रेझिन टिकत नाही. ते विघटित होऊन वायू सोडते. दीड टक्का रेझिनच्या कोअरमधून एका ग्रॅम वाळूमागे दहाएक मिलिलिटर वायू निघतो असे धरले, तर पाच किलोच्या कोअरमधून पन्नास लिटर वायू निघेल, आणि त्यातला बराचसा रस गोठण्याच्या आधीच बाहेर पडायला हवा. त्याला वाट मिळाली नाही तर तो रसात शिरतो आणि कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे वायूचे छिद्र, राहते, जे बहुधा मशीनिंग पूर्ण होत आल्यावर, सगळा खर्च झाल्यानंतर उघडे पडते. त्यामुळे छापील कोअर हाती आला की मी पहिली विचारणा ताकदीची करत नाही. कोअरचा तुकडा तोलून नऊशे अंशांच्या वरच्या भट्टीत ठेवला असता वजन किती टक्के घटते, ते आधी पाहतो. या आकड्यावरून वायूचा अंदाज येतो.

छपाईने या अडचणीवर स्वतःचा एक उपायही दिला आहे. कोअर बॉक्समधून (कोअर घडवण्याच्या पेटीतून) निघणाऱ्या कोअरमध्ये वायूची वाट करायची तर तार घालून भोक पाडावे लागते आणि ती तार सरळच जाते. छापताना मात्र कोअरच्या गाभ्यातून हवी तशी वळणारी पोकळी ठेवता येते, ती कोअर प्रिंटमधून (कोअर साच्यात टेकतो त्या टोकातून) साच्याबाहेर काढता येते, आणि जाड भागाचा गाभा पोकळ ठेवून एकूण रेझिनही वाचवता येते. मला या तंत्राचा सर्वांत मोठा फायदा हाच वाटतो. पॅटर्न नको, टेपर (पॅटर्न सहज निघावा म्हणून दिलेला उतार) नको, लूज पीस (पॅटर्नचे सुटे तुकडे) नको हे सगळे खरे आहे आणि विक्रेते ते नीट सांगतात. पण वायूच्या वाटेचा आराखडा छपाईच्या फाइलमध्येच बसवणारा माणूस जवळ नसेल, तर त्या सगळ्या सोयींनंतरही भंगार तेवढेच निघते. अर्थात पोकळीतली सुटी वाळू बाहेर यायला हवी. रेझिन ठरवलेल्या रेषेच्या थोडे पलीकडे झिरपते आणि शेजारची वाळू अर्धवट धरते, त्यामुळे बारीक मार्ग ब्रश आणि हवेने साफ करताना हात आणि धीर दोन्ही लागतात.

आता मागे राहिलेल्या आम्लाकडे. फ्युरानसाठी सहसा सल्फोनिक गटातले आम्ल वापरतात, आणि त्यात गंधक असते. साध्या बिडाला त्याचे फारसे वाटत नाही. एस. जी. आयर्न या गोलाकार ग्रॅफाइटच्या बिडात मात्र ग्रॅफाइट गोलाकार व्हावा म्हणून रसात सुमारे ०.०४ टक्के मॅग्नेशियम राखलेले असते, आणि साच्यातून येणारे गंधक पृष्ठभागाजवळचे ते मॅग्नेशियम खाऊन टाकते. परिणामी आत गोळे आणि बाहेरच्या सालीत पापुद्रे, असे दुहेरी ग्रॅफाइट मिळते; थकव्याचा (पुन्हा पुन्हा बसणारा) भार सोसणाऱ्या भागात ही साल घातक ठरते. स्टीलच्या ओतकामात वेगळी काळजी घ्यावी लागते, कारण युरिया मिसळलेल्या स्वस्त फ्युरान रेझिनमधला नायट्रोजन रसात विरघळून गोठताना बारीक छिद्रे करतो. दोन्ही बाबतींत जाड, सलग कोटिंगने बचाव होतो, पण रेझिन विकत घेतानाच नायट्रोजनचे प्रमाण विचारणे अधिक स्वस्त पडते.

फिनॉलिक रेझिनने छपाई करण्याच्या पद्धतीत हे आम्ल टाळता येते. तिच्यात वाळूत काहीच मिसळलेले नसते; रेझिन थेंबाथेंबाने पडते, दिवे थर तापवून त्यातला ओलावा उडवतात, आणि छपाई संपल्यावर भट्टीत किंवा सूक्ष्मलहरींच्या कपाटात उष्णतेने जाळे पूर्ण विणले जाते. न छापलेली वाळू कोरी राहते आणि तशीच परत वापरता येते, तर फ्युरानमधली उरलेली वाळू आम्ल लागलेली असल्यामुळे नव्या वाळूत प्रमाणाने मिसळून घ्यावी लागते. फिनॉलिकचे जाळे उष्णता अधिक वेळ सोसते, म्हणून पंपाच्या आतल्या किंवा इंजिनाच्या वॉटर जॅकेटच्या (थंड करणाऱ्या पाण्याच्या मार्गाच्या) सडपातळ कोअरला ते शोभते. गैरसोय अशी, की भट्टीचा खर्च आणि वेळ वाढतो, आणि अ‍ॅल्युमिनियमसारख्या सुमारे सातशे अंशांना ओतल्या जाणाऱ्या धातूत कोअरच्या गाभ्यापर्यंत पुरेशी उष्णता पोहोचत नाही. रेझिन अर्धवट जळते आणि वाळू पोटातून काढताना हातोडीचे काम वाढते. क्रोनिंग पद्धतीची रेझिन लावलेली वाळू लेझरने तापवून साचे बनवण्याची यंत्रेही जर्मनीत १९९० च्या दशकात आली होती, पण प्रत्येक रेषेवरून लेझर फिरवण्याच्या वेळेपुढे एका फेरीत अख्खा पट्टा छापणारे डोके भारी पडले.

सिलिका वाळूचा आणखी एक स्वभाव ओघाने सांगितला पाहिजे. ५७३ अंशांना क्वार्ट्झच्या स्फटिकाची रचना बदलते आणि तो एकदम फुगतो. रेझिनचे जाळे ताठ असेल तर कोअरच्या पृष्ठभागाला तडे जातात, त्यांत रस शिरतो आणि कास्टिंगच्या आत पात्यांसारख्या शिरा उभ्या राहतात, ज्या पाण्याच्या मार्गातून काढणे जवळपास अशक्य असते. काही जण यासाठी कृत्रिम सिरॅमिक वाळू वापरतात. ती महाग असली तरी गोल असते आणि फुगत नाही.

थोडे अवांतर. फर्फ्युरिल अल्कोहोल बनतो फर्फ्युरलपासून, आणि फर्फ्युरल येतो शेतातल्या टाकाऊ मालातून. अमेरिकेत क्वेकर ओट्स कंपनीने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला सीडर रॅपिड्स इथे ओटच्या टरफलांपासून त्याचे व्यापारी उत्पादन सुरू केले. चीनमध्ये दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांपासून, तर दक्षिण आफ्रिकेत उसाच्या बगॅसपासून (चिपाडापासून) तो बनवतात. म्हणजे पेट्रोलियमचा आधार नसलेल्या मोजक्या औद्योगिक रेझिनांपैकी हे एक आहे. आमच्या जिल्ह्यात गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांच्या अंगणात बगॅसचे डोंगर उभे राहतात, ते बॉयलरमध्ये जळतात, आणि त्याच जिल्ह्यातल्या फाउंड्रीत रेझिनचे पिंप बाहेरून येतात. बगॅस जाळून वीज करण्याचा हिशेब कारखान्यांना परवडतो हे मला मान्य आहे, तरी शिरोलीच्या रस्त्यावर पिंपांचा टेम्पो आणि बगॅसचा ट्रक एकामागोमाग दिसले की मनात हा हिशेब पुन्हा मांडला जातो.

शेतातून आले म्हणून ते निरुपद्रवी मात्र नाही. फर्फ्युरिल अल्कोहोल त्वचेतून शोषला जातो, त्याची वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तो मानवात कर्करोगास कारण ठरण्याची शक्यता असलेल्या पदार्थांच्या २ब गटात ठेवला आहे. फिनॉलिकमध्ये फॉर्मल्डिहाइड येते, ज्याचा त्याच संस्थेच्या यादीत पहिल्या, म्हणजे निश्चित कर्करोगकारक पदार्थांच्या गटात समावेश आहे. बंद यंत्रात छपाई होत असली तरी पेटी उघडणारा, वाळू उकरणारा आणि ब्रश मारणारा माणूस बाहेरच उभा असतो. सिलिकाची धूळ आणि रेझिनची वाफ दोन्ही त्याच्याच नाकात जातात. कापडी रुमाल बांधून यांपैकी काहीही अडत नाही. या बाबतीत सोडियम सिलिकेटवर आधारलेले अकार्बनी बाइंडर (वाळू बांधणारे पदार्थ) सरस आहेत, कारण ओतताना ते जवळजवळ धूर सोडत नाहीत. बीएमडब्ल्यूने जर्मनीतल्या लांड्सहुट इथल्या हलक्या धातूंच्या फाउंड्रीत वाळूच्या कोअरची छपाई मालिका उत्पादनापर्यंत नेली आहे, तीही अशाच अकार्बनी बाइंडरच्या दिशेने. बिडाच्या तापमानाला मात्र हे बाइंडर काचेसारखे वितळून वाळूला जखडतात आणि नॉकआउट (कास्टिंगमधून वाळू झाडून काढणे) अवघड होते, म्हणून आमच्यासारख्या बिडाच्या फाउंड्रींसाठी फ्युरान आणि फिनॉलिक इतक्यात जाणार नाहीत.

लहान फाउंड्रीने या सगळ्यात पडावे का, हा प्रश्न मला उद्यमनगरातले मित्र विचारतात. महिन्याला हजारो नग लागणाऱ्या कास्टिंगसाठी कोअर बॉक्स आणि त्यात हवेच्या दाबाने वाळू भरणारे कोअर शूटर यांना आजही तोड नाही. छपाईचा खर्च पहिल्या नगाला आणि हजाराव्या नगाला सारखाच येतो. जुन्या पंपाचे केसिंग, ज्याचा पॅटर्न केव्हाच कुजून गेला आहे, किंवा नव्या इंजिनाचे पहिले चार-पाच नमुने, अशा कामांत मात्र सागवानी पॅटर्नसाठी लागणारे आठवडे वाचतात. त्यातही पूर्ण साचा छापून घेण्याची गरज सहसा नसते. बाहेरचे कोप आणि ड्रॅग (साच्याचा वरचा आणि खालचा अर्धा भाग) नेहमीच्या नो-बेकमध्ये साध्या पॅटर्नवर भरावेत आणि आतला गुंतागुंतीचा कोअर तेवढा छापून आणावा, म्हणजे महागडे रेझिन फक्त जिथे दुसरा मार्ग नाही तिथेच खर्च होते.

कोअर मागवताना रेझिनचा प्रकार, जळून घटणाऱ्या वजनाची टक्केवारी, नायट्रोजन आणि गंधकाचे प्रमाण आणि छपाईची तारीख लेखी मागून घ्यावी, एस. जी. आयर्नचे काम असेल तर फिनॉलिकच सांगावा किंवा कोटिंगचा खर्च आधी धरावा. वायूची पोकळी आराखड्यात कुठून कुठे काढली आहे हे फाइल पाठवण्याआधी स्वतः तपासावे. कोअर आल्यावर तो कोरड्या खोलीत ठेवावा, पाण्यातले कोटिंग लावले असेल तर गाभ्यापर्यंत वाळेपर्यंत तो भट्टीतून काढू नये, आणि पावसाळ्यात शक्यतो कोअर बसवला त्याच पाळीत ओतून घ्यावा, कारण रात्रभर साच्यात बसलेला कोअर भोवतालचा ओलावा ओढून घेतो आणि सकाळच्या पहिल्या हीटला (ओतण्याच्या फेरीला) तो वाफ होऊन बाहेर येतो.